तिला भिजू द्यायचं नाही

इटलीतल्या बोलोन्यात पोचले तेव्हा पाऊस लागलेला होता आणि लेक त्याच्यावर वैतागली होती. "मे महिना आहे आई, आणि हे बघ," म्हणत ती खिडकी लावून घेत होती. मी मात्र खुर्ची ओढून त्या खिडकीशीच बसले. मी माण तालुक्यातली. साताऱ्याच्या नकाशावर सह्याद्रीचा पाऊस जिथं संपतो तिथं आमचा मुलूख सुरू होतो. मेमध्ये आमच्याकडं टँकरची वाट बघतात. 1972 च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची आणि मी तिच्यामागं सुकडी मिळते म्हणून; ती चव अजून जिभेवर आहे. पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, तिथंही जूनमध्ये मुलांचं लक्ष फळ्यावर कमी आणि आभाळाकडं जास्त. पावसाला कंटाळलेलं माणूस बघितलं की मला आजही आत कुठंतरी धस्स होतं.

जरा उघडीप झाली तेव्हा त्याच खिडकीतून शहरापलीकडच्या डोंगरावर एक घुमट दिसला. खाली नारिंगी भिंती, वर करडा घुमट, आणि सगळा डोंगर हिरवागार. "ते सान लुका," लेक म्हणाली. "पोरं परीक्षेआधी नवस बोलून चालत जातात. मी एकदाच गेलेय, तेही रात्री, मैत्रिणींबरोबर." इथल्या विद्यापीठात ती अन्नतंत्रज्ञान शिकते. 1088 पासून चालत आलेलं विद्यापीठ आहे, नवस तरी किती जुने असतील!

डोंगरावरचं देवस्थान दिसलं आणि चालत गेले नाही असं माझ्या आयुष्यात फारसं झालेलं नाही. शिखर शिंगणापूर आम्हाला घरचंच. मी म्हटलं, उद्या जाऊ. लेक म्हणाली, उद्याही पाऊस आहे. मग थांबून म्हणाली, "पण तसं बघितलं तर भिजायला होत नाही. वाटभर छप्पर आहे."

वाटभर म्हणजे किती, ते मला तेव्हा कळलं नाही.

सोमवारी सकाळी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली, उजव्या गुडघ्याला पट्टा बांधला आणि बसनं सारागोत्सा दरवाजापाशी उतरलो. जुन्या तटबंदीतली ही वेस. तटबंदी बहुतेक गेली, वेस राहिली. तिच्यासमोरून कमानींची रांग सुरू होते. बोलोन्यात अशी छपराखालची पायवाट जागोजागी आहे, तिला पोर्तिको म्हणतात. घराचा वरचा मजला रस्त्याकडं पुढं काढायचा, त्याला खालून खांब द्यायचे आणि मधली जागा येणाऱ्याजाणाऱ्याला मोकळी ठेवायची. आपल्याकडं घरापुढं ओसरी असते तशीच, फक्त ही ओसरी एका घराची नसते, सगळ्या रस्त्याची असते. शहरातल्या सगळ्या ओसऱ्या मिळून 62 किमी भरतात आणि 2021 मध्ये युनेस्कोनं त्यांतल्या निवडक ओसऱ्यांना जागतिक वारसा म्हटलं. सान लुकाची त्यांत सगळ्यांत लांब: 3,796 मीटर, 666 कमानी. वेशीपासून थेट डोंगरमाथ्यावरच्या चर्चच्या दारापर्यंत.

म्हणजे जवळजवळ पावणेचार किलोमीटर छप्पर. मी लेकीला दोनदा विचारलं. तिनं मोबाइलवर काढून दाखवलं. तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो असा, की हे कुणासाठी केलं? माणसं भिजू नयेत म्हणून एवढा खटाटोप कुणी करत नाही. शेताला जाणाऱ्या बाईनं भिजू नये म्हणून कुणी कधी डोंगरावर छप्पर घातलंय का?

ते तिच्यासाठी केलं होतं. वरच्या चर्चमध्ये मरियामातेचं एक जुनं चित्र आहे, फळीवरचं. बाळ येशू डाव्या हातावर, आणि उजव्या हातानं ती त्याच्याकडं बोट दाखवते आहे. पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेत या ठेवणीला होदेगेत्रिया म्हणतात, वाट दाखवणारी. हे चित्र येशूचं चरित्र लिहिणाऱ्या संत लूक यानं स्वतः काढलं अशी श्रद्धा, म्हणून सान लुका हे नाव. कॉन्स्टँटिनोपलहून एक ग्रीक यात्रेकरू ते घेऊन निघाला आणि 1160 मध्ये ते या डोंगरावर पोचलं असं परंपरा सांगते. अभ्यासकांच्या मते आज दिसतं ते रंगकाम बाराव्या-तेराव्या शतकाच्या आसपासचं.

आणि मग 1433 साल. त्या वर्षी वसंतापासून पाऊस लागला तो थांबेचना. जुलै आला तरी तेच. पिकं शेतात कुजायला लागली. शहरातल्या कारभाऱ्यांत ग्रात्सियोलो अक्कारीसी नावाचा एक कायदेपंडित होता, त्यानं सुचवलं की फ्लॉरेन्सची माणसं संकटात त्यांच्या इम्प्रुनेताच्या मरियामातेची मिरवणूक काढतात, तशी आपण आपल्या डोंगरावरची खाली आणू. 5 जुलैला चित्र चिखलातून खाली आणलं, सारागोत्साच्या वेशीतून आत घेतलं, आणि पाऊस थांबला. तेव्हापासून दर वर्षी ती खाली शहरात येते, मुक्काम करते आणि परत वर जाते.

हे लेक वाचून दाखवत होती आणि मी चालता चालता थांबले. आमच्याकडं पाऊस लांबला की पोरं कडुलिंबाचा पाला बांधून दारोदार जातात, "धोंडी धोंडी पाणी दे" म्हणतात, बाया त्यांच्या अंगावर तांब्याभर पाणी ओततात. तेही घरात असेल तर. तरीही नाही आला तर महादेवाच्या गाभाऱ्यात पाणी भरून पिंड बुडवायची. देव गुदमरला की पाऊस पाडील! देव पाण्यात ठेवणं हा शब्दप्रयोग मी कितीतरी वर्षं मुलांना वाक्यात उपयोग करायला दिला, आणि ते गाऱ्हाणं मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. इथं उलटं. पाऊस थांबव म्हणून देवाला बाहेर काढलं, आणि पुढं दर वर्षी तिला आणता-नेताना ती भिजायला लागली म्हणून डोंगरभर छप्पर घातलं. 1433 ते 1674, म्हणजे 241 वर्षं तिची वाट उघडी होती. मग 1674 मध्ये या ओसरीचं काम सुरू झालं.

वेशीपासूनचा सुमारे दीड किलोमीटर सपाट आहे. एका बाजूला घरं, खालच्या मजल्यावर न्हावी, बेकरी, औषधाचं दुकान. बाहेर पाऊस पडत होता आणि आत आजोबा लोक हात मागं बांधून फेरी मारत होते. फरशी इतकी झिजलेली की मधे खोलगट झाली आहे. मी घाईनं चालले नाही. कमानींवर, भिंतींवर दगडी पाट्या आहेत, नावं आहेत, घराण्यांच्या खुणा आहेत. कुठली कमान कुणाच्या पैशानं झाली ते त्यावरून कळतं. एकट्या श्रीमंतानं बांधलेली ही गोष्ट नाही. घराण्यांनी दिलं, वेगवेगळ्या धंद्यांच्या मंडळींनी मिळून दिलं, साध्या कामकऱ्यांनीही दिलं. आमच्या गावच्या देवळाच्या पायऱ्यांवर अशीच नावं आहेत. लहानपणी मी त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून उड्या मारत चढायचे. इथं नावं भिंतीवर आहेत, ते बरं.

मग येतो मेलोंचेल्लो. इथं ओसरीला रस्ता ओलांडून डोंगराला भिडायचं असतं, तर ती चक्क रस्त्यावरून वर उचलली आहे. खालून गाड्या जातात, वरून माणसं. कार्लो फ्रांचेस्को दोत्ती या स्थपतीनं ही कमान अठराव्या शतकात बांधली, आणि वरचं आजचं चर्चही त्याचंच. मला त्याचं काम इथं पहिल्यांदा दिसलं आणि फार आवडलं. वाट अडली तिथं त्यानं ती थांबवली नाही, नुसती ओलांडूनही दिली नाही, वळण देऊन सजवली. कमान पुढं झुकते, मागं सरते, कपड्याला चुणी पडावी तशी.

मेलोंचेल्लोनंतर खरा चढ. दोन किलोमीटरहून जास्त, आणि दोनशे मीटरहून अधिक उंची. आता घरं नाहीत. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला खांब आणि पलीकडं झाडी. कुठं पायऱ्या, कुठं नुसती चढण. अधूनमधून छोटी देवळी येते, अशा पंधरा; जपमाळ ओढताना येशूच्या आणि मरियामातेच्या आयुष्यातले जे पंधरा प्रसंग आठवतात, त्यांच्या. शेजारच्या रस्त्यावरून सायकलवाले पावसातही जोर काढत होते. 2024 मध्ये तूर दे फ्रान्सचे स्पर्धक हाच चढ एका दिवसात दोनदा चढले, असं लेकीनं सांगितलं. माझ्या गुडघ्याला ते ऐकून काही धीर आला नाही. पंचवीस-तीस कमानी झाल्या की बसायचं, असं मी ठरवलं. बसायला भिंतीलगत जागा आहे.

अशाच एका बैठकीत लेकीनं जे वाचून दाखवलं, त्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं आहे.

डोंगरावरचं काम सुरू झालं तेव्हा प्रश्न आला सामानाचा. विटा, वाळू, दगड वर न्यायचे कसे? तर 17 ऑक्टोबर 1677 ला शहरातली माणसं घराबाहेर पडली आणि शहरापासून डोंगरापर्यंत ओळीनं उभी राहिली. हातातून हातात. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला. सामान माणसांच्या हातांवरून डोंगर चढलं. इटालियनमध्ये याला पास्सामानो म्हणतात, हातोहात देणं. आता दर ऑक्टोबरात शाळांची मुलं या वाटेवर तशीच साखळी धरून त्या दिवसाची आठवण करतात.

लेकीचा आवाज चालू होता आणि मला मुंगी घाट दिसत होता. चैत्र शुद्ध द्वादशीला सासवडकडून कऱ्हेचं पाणी घेऊन कावडी येतात. शिंगणापूरचा महादेव माथ्यावर, आणि मुंगी घाट असा उभा की एकट्यानं चढतानाही हात टेकावे लागतात. त्या घाटातून भरल्या कावडी वर चढवतात. माणसं एकमेकांचे हात धरून साखळी करतात, खालची वर लोटतात, वरची ओढून घेतात, आणि कावड खाली टेकू देत नाहीत. "हर हर महादेव" आणि "म्हाद्या धाव" यांचा गजर सगळ्या डोंगराला भरतो. मी माझ्या वडिलांच्या खांद्यावर बसून ते पहिल्यांदा पाहिलं. ते म्हणाले होते, "कावड कोण नेतं हे शोधू नको. हात मोज." मी मोजायला लागले आणि चुकत राहिले.

तिथं दुष्काळी मुलखात माणसं हातोहात पाणी वर नेतात. इथं विटा वर नेल्या, तिच्या डोक्यावर पाणी पडू नये म्हणून. मी लेकीला हे सांगायला गेले आणि मला बोलता येईना. तिनं पाण्याची बाटली पुढं केली. मी पाणी प्यायले.

काम 1793 पर्यंत चाललं. 119 वर्षं. पहिला आराखडा करणारा जान जाकोमो मोंती मध्येच वारला, नंतरच्यांनी पुढं नेलं. 666 या आकड्यावरून लोक सांगतात की हा आकडा सैतानाचा, ही वळवळत चढणारी वाट म्हणजे सर्प, आणि माथ्यावर मरियामाता त्याचं डोकं पायाखाली दाबून उभी आहे. ऐकायला बरं वाटतं. पण मला सापापेक्षा साखळीच खरी वाटली. अगदी अलीकडे, 2013-14 मध्ये, या ओसरीची दुरुस्ती निघाली तेव्हा शहरानं लोकांकडं हात पसरला आणि सात हजारांहून जास्त जणांनी मिळून सुमारे 3 लाख 40 हजार युरो दिले. हात अजून धरलेले आहेत.

शेवटच्या वळणाआधी एक आजी बसल्या होत्या. पाऊस निथळणारी छत्री खांबाला टेकवलेली, पायांत जाड तळव्यांचे बूट. माझ्या साडीकडं आणि बुटांकडं बघून हसल्या. लेकीला इटालियन बऱ्यापैकी येतं. त्यांनी विचारलं, कुठून आलात, आणि आईंचे गुडघे कसे आहेत. मग म्हणाल्या, "तिला भेटायला निघालात? ती वर नाही. खाली गेलीय."

लेकीला आधी कळलंच नाही. मग उलगडा झाला. मरियामातेचा मुक्काम सध्या शहरात, सान पिएत्रोच्या कॅथेड्रलमध्ये. येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधीच्या शनिवारी ती खाली येते, आठवडाभर राहते आणि पुढच्या रविवारी परत जाते. जुलैतली ही मिरवणूक 1476 पासून वसंतात आणली आहे. आम्ही नेमके तिच्या आठवड्यात आलो होतो, आणि शनिवारी ती खाली उतरत होती तेव्हा लेक मला आणायला मिलानच्या विमानतळावर उभी होती. लेकीचा चेहरा पडला. आजींनी तिचा हात थोपटला. "ती उतरली की पाऊस येतोच बघ," त्या म्हणाल्या, "दर वर्षी. आमच्या घरात हेच म्हणतात." पाऊस थांबवणारी म्हणून जिची ख्याती, तिच्या येण्याबरोबर पाऊस येतो, हे त्यांनी अगदी सरळ, कौतुकानं सांगितलं. आपल्या घरच्या माणसाची खोड सांगावी तसं.

मी म्हटलं, आलोच आहोत तर घर बघू. बाई माहेरी गेली म्हणून तिच्या दारावरून कुणी परत फिरत नाही.

शेवटची कमान संपते आणि एकदम मोकळं होतं. समोर चर्च, आणि मला आधी कळेना की ही भिंत सरळ आहे की गोल. बाहेरून सगळा देह वळलेला, दोन्ही अंगांना पाच कोनांची दोन दालनं पुढं आलेली, आणि ओसरी त्यांतूनच आत शिरते. चढून आलेल्या माणसाला दोन्ही हातांनी जवळ घ्यावं अशी ती ठेवण आहे. ही दालनं दोत्तीच्या मुलानं, जोव्हान्नी जाकोमोनं, 1774 च्या सुमारास पुरी केली. बापानं 1723 मध्ये चर्च उभारायला घेतलं, ते 1757 पर्यंत झालं. आत शिरलं की मात्र चार बाजू सारख्या लांबीच्या, मध्ये घुमट, आणि त्या घुमटातून पावसाळी दिवसाचाही उजेड खाली येतो. रंगीत संगमरवर आहे, सोनेरी काम आहे, तरी डोळ्याला दाटी होत नाही. एका वेदीवर ग्विदो रेनीचं चित्र आहे. रेनी बोलोन्याचाच, 1642 मध्ये वारला. म्हणजे हे चित्र आत्ताच्या भिंतींहून जुनं. मी त्याच्यासमोर बराच वेळ बसले, थोडी देवासाठी आणि थोडी गुडघ्यासाठी.

पण इथलं मध्ययुग बघायला जाल तर भिंतीत सापडत नाही. पहिल्या चर्चचा पाया 1194 मध्ये घातला गेला, त्याचा दगड पोप तिसरा सेलेस्टिन यानं पाठवला होता. पंधराव्या शतकात ते पुन्हा मोठं केलं, आणि मग दोत्तीनं सगळंच नव्यानं बांधलं. जुनं उरलं ते चित्र, आणि डोंगरावर येण्याची सवय.

आणि एका बाईचं नाव. आंजेलिका बोनफांतीनी. बाराव्या शतकाच्या अखेरीस ती या डोंगरावर एकांतात राहायला आली आणि पहिलं चर्च उभं राहिलं ते तिच्या पुढाकारानं. पुढं येणाऱ्या दानावरून तिचा आणि मठाच्या मंडळींचा तंटा झाला आणि प्रकरण थेट पोपपर्यंत गेलं. तिच्याही आधी इथं बायाच तपाला राहत होत्या असं परंपरा सांगते, आणि नंतर शेकडो वर्षं, नेपोलियनच्या काळात मठ मोडेपर्यंत, या जागेची निगा दोमेनिकन पंथाच्या जोगिणींनी राखली. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. एवढ्या मोठ्या घुमटाखाली एका एकट्या बाईचा हट्ट आहे, आणि तिनं हक्क सोडला नाही. माझ्या आजीनं विहिरीच्या वाट्यासाठी दहिवडीच्या कचेरीत किती खेपा घातल्या होत्या ते मला ठाऊक आहे. म्हणून आंजेलिकासाठी मी एक मेणबत्ती वेगळी लावली.

लेक घुमटावरच्या गच्चीत जाऊन आली. गोल जिना, पायऱ्या अरुंद, म्हणून मी खालीच थांबले. एका बाजूला आपेनाइन डोंगर आणि दुसऱ्या बाजूला पो नदीचं मैदान, मध्ये लाल कौलांचं शहर, असं तिनं येऊन सांगितलं. बाहेर ओसरीच्या पायरीवर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. कधीकाळी, 1931 ते 1976, इथं रोपवे होता. तो बंद पडला. ओसरी चालू आहे.

उतरताना गुडघ्यानं जीव खाल्ला. चढणं सोपं, उतरणं कठीण, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल.

बुधवारी संध्याकाळी लेक क्लास बुडवून मला मोठ्या चौकात घेऊन गेली. पियाझ्झा माज्जोरे. त्या बुधवारी मरियामातेला कॅथेड्रलमधून बाहेर आणतात आणि सान पेत्रोनिओच्या पायऱ्यांवरून सगळ्या शहराला आशीर्वाद देतात. सान पेत्रोनिओचा दर्शनी भाग अर्धाच संगमरवरी आहे, वरचा नुसत्या विटांचा, तसाच राहून गेलेला. चौक भरला होता. लहान पोरं वडिलांच्या खांद्यांवर होती. घंटा वाजायला लागल्या, आणि त्या आमच्या कानाला ओळखीच्या टोलासारख्या नव्हत्या. एकीत एक मिसळून, फिरून फिरून येत होत्या. गर्दी शांत होती. इतकी की कुणाच्यातरी बाळाचं रडणं चौकभर ऐकू आलं.

आणि ती आली. किती लहान! माझ्या मनात एवढ्या वाटेसाठी, एवढ्या छपरासाठी काहीतरी मोठं होतं. फुलांच्या मखरात वर धरलेली एक छोटी चौकट, सगळी चांदीनं मढवलेली, आणि त्या चांदीतून फक्त दोन चेहरे, सावळे. तिचा आणि बाळाचा. लांबून डोळे नीट दिसत नव्हते. शेजारच्या बाईनं, माझ्याच वयाच्या, मला ढकलून पुढं केलं आणि हातानं खूण केली: बघ, बघून घे. वारीत पालखी आली की अनोळखी बाया अशाच करतात.

आशीर्वाद झाला, आणि पुन्हा थेंब आले. चौकात छत्र्या उघडल्या. सगळ्यांत आधी पांढऱ्या झग्यातल्या माणसांनी तिच्यावर आडोसा धरला. स्वतः भिजत होते. 1433 पासूनची सवय असेल.

रविवारी आम्ही सारागोत्साच्या वेशीशी जाऊन थांबलो. परतीच्या वाटेवर तिथंही ती थांबते आणि शहराचा निरोप घेते. वरच्या खिडक्यांतून लाल कापडं सोडली होती. आमच्या शेजारी एक कॉलेजची मुलगी उभी होती, कानात इयरफोन. मरियामाता जवळ आली तशी मुलीनं ते काढून खिशात घातले आणि ओठ हलवायला लागली. लोक तिच्यामागून निघाले. मला जायचं होतं, पण गुडघा सुजला होता आणि लेकीनं दंड धरून ठेवला. आम्ही उभ्या राहून बघत राहिलो. कमानींतून माणसं जात होती, एका खांबाआड दिसेनाशी व्हायची, दुसऱ्या खांबाआडून निघायची.

माझं परतीचं विमान मंगळवारी होतं. सोमवारी मी लेकीला म्हटलं, आज मला वर ने, चालत नाही जमलं तरी चालेल. मोठ्या चौकातून एक छोटी गाडी सुटते, रुळांशिवायची, डब्या-डब्यांची, ती रस्त्यानं वर जाते. तिच्यात बसलो. त्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. ओसरी शेजारून चढताना दिसत होती, आणि तिच्यात चालणारे लोक दिसत होते. गाडीत बसून त्यांच्याकडं बघायला मला बरं वाटलं नाही, पण इलाज नव्हता.

वर मोठ्या वेदीच्या मागून जिना आहे. त्यावरून चढून एकेकाला तिच्यासमोर जाता येतं. रांग छोटी होती. आता ती हाताच्या अंतरावर होती. चांदीच्या आतला चेहरा जवळून फार जुना दिसतो, धुरानं, श्वासांनी काळवंडलेला. डोळे मोठे, जरा बाजूला बघणारे. बोटं लांब. ती बाळाकडं बोट दाखवत होती.

रांगेत असताना मी काय मागायचं ते ठरवलं होतं. लेकीची परीक्षा, नवऱ्याचं ऑपरेशन. समोर गेल्यावर तोंडातून वेगळंच आलं. मराठीतच म्हटलं, पुटपुटत, की बाई, तुझ्याकडं पाऊस थांबव म्हणायला येतात, मला माहीत आहे. पण तू उतरलीस की येतो म्हणतात, तोही मी पाहिला. आमच्याकडं वळीव झाला नाही अजून. गावाचं नाव सांगितलं, तालुका, जिल्हा सांगितला. शाळेत पत्ता लिहायला शिकवायचे तसा पुरा सांगितला, चुकू नये म्हणून. मागच्या माणसानं घाई केली नाही.

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, एवढा वेळ काय बोलत होतीस? मी म्हटलं, चल, उतरताना तरी चालत जाऊ, सावकाश. तिनं हात पुढं केला. मी तो धरला आणि आम्ही 666 व्या कमानीपासून उलटं मोजायला सुरुवात केली.